निळी बादली आणि कूलंटची टाकी

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पेणहून यायला उशीर. हायवेला ट्रेलर आडवा. घरी पोचले तर अब्बा जुम्म्याची नमाज पढून ओट्यावर, हातात गाडीचं कव्हर तयार. माझे सासरे कुणाला घाबरत नाहीत, शुक्रवारी दुपारी मात्र घड्याळाला घाबरतात. दोघांनी मिळून गरम गाडीवर कव्हर चढवलं. मी तोंडावर पाणी मारलं, तेवढ्यात कुवेतहून फोन.

मग नेहमीचा कार्यक्रम. इ. (नवऱ्याचं नाव रोज पूर्ण कोण लिहील) व्हिडिओवर बघतोय. अब्बा बिस्मिल्ला म्हणून कव्हर काढतात, बॉनेट उघडतात, फडक्याने कूलंटच्या टाकीचं झाकण सैल करतात, तांब्याभर पाणी घालतात, मग सेल्फ मारतात. मी फोन इंजिनापाशी धरायचा. तो तिकडे डोळे मिटून आवाज ऐकतो. आमच्या मोहल्ल्यात घरोघर अशी एक झाकलेली गाडी आहे, आणि दर शुक्रवारी कुणाचा तरी मुलगा मस्कतहून नाहीतर दोह्याहून इंजिन ऐकत असतो.

आज झाकण सैल केल्यावर मोठ्याने फुस्स झालं. इ. म्हणाला, हे काय? अब्बा शांतपणे, "साठलेली हवा."

मला हसू आवरेना. फोन हलला.

"एका सेल्फमध्ये चालू झाली बघ!" खूश झाला. होणारच. पेणहून येऊन तिने अजून दमही टाकला नव्हता.

शेवटी परत तेच पालुपद. उभी राहून सडते गाडी, विकून टाकू. विम्याची वेळ आली की हे निघतंच. मी म्हटलं, बघू. दर वेळी बघूच म्हणते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

थंडी पडली. बांधाच्या कडेने वालाचे कोंब वर आलेत. पहाटे दिव्यांच्या उजेडात छान दिसतात.

नागोठण्याला मनीषाला घेतलं. ती लॅबच्या काउंटरवर असते, पेट्रोलचा निम्मा भार उचलते आणि सबंध वाटेत जावेबद्दल बोलते. पेणला वेळेच्या आधी. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले म्हातारे बाकावर बसलेलेच. एक आजी म्हणाल्या, "ती रोह्याची पोरगी आली का? तिच्याकडूनच टोचून घेईन." माझ्या हाताला शीर चटकन सापडते. हे इथे लिहायला हरकत नाही, बाहेर बोलले तर शेखी मिरवते म्हणतील.

लॅब सातला उघडते म्हणजे सातला. पहाटेच्या रेल्वेला जायचं तर त्या वेळी गावातून स्टेशनला काही मिळत नाही, पुढची धरली तर लॅबला आठ वाजतात. म्हणजे गाडी आहे म्हणून नोकरी आहे. गाडी गेली की मी परत घरी बसून भाकऱ्या मोजणार.

इ.ला नोकरीचं माहीत आहे, गाडीचं नाही. आधी वाटलं लायसन हातात आलं की सांगू, चकित होईल. लायसन आलं, तेवढ्यात लॅबचं जमलं. मग रुळले की सांगू. मग सांगायची वेळच निघून गेली. त्याला वाटतं मी मनीषाच्या घरच्या गाडीने जाते. मी तसं म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही.

शिकवलं अब्बांनी. ते आयुष्यभर भातगिरणीचा टेम्पो चालवत होते. मोतीबिंदू झाला तेव्हा मुलाच्या गाडीची चावी त्यांनी माझ्या हातात ठेवली, कुणाला विचारलं नाही. खारीच्या बांधावर नेलं. "इकडे गेलीस तर खाडी, तिकडे गेलीस तर चिखल. मधी रहा." एवढाच काय तो धडा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज फजिती.

येताना नागोठण्याला मनीषा उतरली. निडीच्या अलीकडे गोडसर जळका वास, काकवी उतू गेल्यासारखा. बघते तर टेंपरेचरचा काटा वर. अब्बांचं सांगणं पक्कं डोक्यात होतं, काटा चढला की गाडी तिथेच थांबवायची, जागा कसली का असेना. थांबवली. बॉनेटमधून वाफ. थोडं थांबून उघडलं. कूलंटच्या टाकीला शिवणीवर चीर, खाली गुलाबी-तांबडं पाणी.

दोन मोटरसायकलवाले थांबले. एक म्हणाला, "वहिनी, इंजिन गेलं." दुसरा म्हणाला, "घरून कुणाला बोलवा." मी म्हटलं, घरून आलेली मीच आहे. ते गेले.

प्रमोदला फोन केला. रोह्याला त्याचं गॅरेज आहे, अब्बांना चाचा म्हणतो. टेम्पो आणि दोर घेऊन आला. आधी इंजिन बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "वेळेवर बंद केलीत भाबी. आणखी दोन किलोमीटर नेली असतीत तर मोठा खर्च होता." दोराच्या टोकाला स्टिअरिंग धरून गावापर्यंत आले. ब्रेक जड, हात भरून आले. पण दोर एकदाही सैल पडू दिला नाही.

उद्यासाठी लॅबच्या मॅडमना मेसेज. उशीर होईल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रेल्वेने गेले. लॅबला सव्वाआठ. बाक रिकामा, मॅडमचं तोंड फुगलेलं.

संध्याकाळी प्रमोद घरी. टाकीचं झाकण काढून दाखवलं. आतून पांढरा थर, आमच्या हंड्याला बसतो तसाच.

"चाचा, विहिरीचं पाणी घातलंत?"

"मग काय गुलाबपाणी घालू?"

"झाकणाची झडप मिठाने चिकटली. आतली वाफ जाणार कुठं? टाकी फोडून गेली. तुमच्या मोहल्ल्यातली ही तिसरी गाडी. सगळे बाप शुक्रवारी विहिरीवर."

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही म्हणून मी स्वयंपाकाला नळाचं भरते, हे अब्बांनाही ठाऊक. मी एवढंच म्हटलं, "अब्बा, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते गाडीला?" अब्बा म्हणाले, "गाडी काय डाळ खाते?" प्रमोद पोट धरून हसला.

मग भाव. टाकी, झाकण, नवं कूलंट, आतली सफाई, मजुरी, सगळं मिळून तीन-साडेतीन हजार. अब्बा उठून उभे राहिले. "प्लास्टिकच्या डब्याला?" प्रमोद समजावत होता, निम्मं मटेरियलचं आहे. अब्बा ऐकेनात. म्हणाले, "मी जोडतो. खिळा तापवून. बादली जोडली तशी."

न्हाणीतली निळी बादली त्यांनीच जोडली आहे, तळाला चरा पडला होता. ती अजून ठणठणीत आहे. त्यामुळे मी गप्प बसले. पण आश्चर्य वाटलं. अब्बा कंजूष नाहीत. मागच्या ईदला शेजारच्यांची बोट दुरुस्त करायला खिशात हात घालून किती निघाले ते न बघता दिले होते. हाच माणूस आज डब्यासाठी भांडतोय. म्हातारपण, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज इंजिन ऐकवता आलं नाही. अब्बांनी स्वतःच सांगितलं, "टाकी फुटली. उन्हात उभी राहून." इ. गप्प. तो ओरडत नाही कधी, गप्प होतो. ते जास्त वाईट. मग म्हणाला, लवकर बनवून घ्या अब्बा. "बनवतो. पार्ट मिळाला पायजे." पार्ट रोह्याला मिळतो हे प्रमोद काल ओट्यावर बसून सांगून गेला. मी अब्बांकडे बघितलं, त्यांनी आकाशाकडे.

नंतर फोन घेऊन अब्बा माडापाशी गेले. बाप-लेकांचं बराच वेळ काहीतरी. आले तर चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाले, काय नाय, त्याच्या कंपनीत शिफ्ट बदलली.

संध्याकाळी खिळा तापवून टाकी जोडली. घरभर प्लास्टिकचा वास. भाकरीलासुद्धा.

२९ नोव्हेंबर, शनिवार

गळली. अंगणात चालू करून ठेवली, थोड्या वेळाने टप टप. अब्बा म्हणाले, "प्लास्टिक हलकं हाय गो." वाईट वाटलेलं दिसलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

परत रेल्वे, परत उशीर. त्या आजी आल्या होत्या, थांबून थांबून गेल्या. मॅडमनी आत बोलावलं. आवाज चढवला नाही. "नसीम, तुझा हात चांगला आहे म्हणून बोलतेय. ह्या आठवड्यात तुझं जाण्यायेण्याचं बघ. नाहीतर मला सकाळसाठी पेणमधलीच कुणीतरी बघावी लागेल." मी म्हटलं, गुरुवारपासून वेळेवर. कसं ते ठरवलं नव्हतं. पण म्हटलं म्हणजे करणार.

घरी येऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, पनवेलला, फोन लावला. स्पीकरवर, अब्बांना ऐकू जावं म्हणून. बाई गोड आवाजात म्हणाल्या, टाकी आणि त्यासोबत पाइपही बदलावे लागतील, साधारण साडेपाच ते सहा हजार, गाडी टो करून आणावी लागेल. टोचे वेगळे. मला वाटलं हे ऐकून तरी अब्बांना प्रमोदचा भाव स्वस्त वाटेल.

अब्बा म्हणाले, "सहा! मग तर नकोच." आणि मजेत हुक्क्यासारखा चहा ओढत बसले.

मला राग आला. स्पष्ट लिहिते, आला. ज्यांनी चावी दिली तेच आता कुलूप घालून बसलेत असं वाटलं. लग्नाला चार वर्षं झाली, त्यात नवरा घरी किती होता ते मी मोजत नाही. ह्या घरात माझं म्हणावं असं काय आहे? पहाटेचा रस्ता, हातातलं स्टिअरिंग आणि लॅबच्या बाकावर माझी वाट बघणारी माणसं. ते मी एका डब्यापायी सोडणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सोडलं नाही!

लॅब सुटल्यावर मनीषाला घेऊन रामवाडीला, हायवेजवळच्या स्पेअरच्या दुकानात. गाडीचं मॉडेल आणि साल लिहिलेला कागद, जुन्या टाकीचा फोटो, सगळं नेलं होतं. दुकानदाराने आधी साडेतीनशेची टाकी काढली. हातात घेतली, कडा दाबली, दबली. म्हटलं, ही ताकाला ठीक आहे, गाडीला ओरिजिनल दाखवा. तो हसला, आतून काढली. साडेनऊशे. झाकण एकशे ऐंशी, आणि झाकण नवं घेतल्याशिवाय टाकी घ्यायची नाही हे मला आता कुणी शिकवायला नको. कूलंट तयार मिक्सचं घेतलं, पाणी घालावंच लागू नये. नाहीतर अब्बा आहेत आणि विहीर आहे.

मनीषा म्हणाली, "अगं, साडी घेताना एवढी बघत नाहीस."

प्रमोदला फोन करून विचारलं, पार्ट मी आणला तर नुसती मजुरी किती? थोडा नाराज झाला, पार्टात त्याचंही काही सुटतं. मग म्हणाला, "भाबी, तुमच्यासाठी चारशे, सफाईसकट." म्हणजे सगळं मिळून दोन हजारांच्या आत! पनवेलच्या गोड आवाजाला कळवावंसं वाटलं.

टाकी मांडीवर घेऊन रेल्वेत बसले. समोरच्या बाई म्हणाल्या, मिक्सरचं भांडं आहे का?

अब्बांना सांगितलं नाही. दिवे लागायच्या वेळी प्रमोद येणार आहे, भांडण करायची ताकद त्यानंतरसाठी ठेवली.

४ डिसेंबर, गुरुवार

मॅडमना म्हटलं होतं गुरुवार. पहाटे प्रमोदला गावात आणणं शक्य नव्हतं, म्हणून कालच दिवे लागायच्या वेळी आला, अब्बा मगरिबच्या नमाजेला गेल्यावर. जुनी टाकी काढली, आतून पाणी मारलं. जे पाणी निघालं ते बघून मी तोंडाला पदर लावला. नवी टाकी बसवली, कूलंट खुणेपर्यंत. इंजिन चालू ठेवून बघितलं, पंखा लागला, बंद झाला, काटा मध्यावर. एक थेंब नाही.

अब्बा फाटकात उभे. नवी टाकी पांढरी शुभ्र, आत गुलाबी कूलंट. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "दोन हजारांच्या आत झालं अब्बा. माझ्या पगारातून." वाटलं, रागावतील किंवा शाबासकी देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "बरं केलंस," म्हणाले आणि आत गेले. जेवले नाहीत नीट.

आज वेळेआधी पेणला. आजींचं टोचलं. मॅडम नुसत्या हसल्या. परत येताना निडीच्या त्या जागेवरून मुद्दाम सावकाश गेले. काटा मध्यावर. काय वाटलं ते लिहिता येत नाही, पण मी एकटीच मोठ्याने हसले.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

नेहमीचा कार्यक्रम. कव्हर, बिस्मिल्ला, बॉनेट. अब्बांनी झाकणाला हात लावला नाही. मीच फोन पुढे नेऊन टाकी दाखवली. नवी! इ.चा चेहरा उजळला. "झाली? अब्बा, तुम्ही तर म्हणत होतात पार्टच मिळत नाही!" इंजिन ऐकलं. डोळे मिटून. मग म्हणाला, "मग मी सांगतो त्याला रविवारी यायला."

कुणाला?

रोह्याचं गिऱ्हाईक. पंधरा दिवसांपासून पक्कं आहे. भावही ठरल्यातच जमा. फक्त टाकीसाठी थांबलं होतं. "अब्बांना तेव्हाच सांगितलं होतं ना मी. त्यांनी तुला नाही सांगितलं?"

मी हसून काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

फोन बंद झाला. अब्बा ओट्यावर बसले. म्हणाले, "नसीम, न्हाणीतली बादली आण." मला वाटलं ह्यांना आता नमाजेसाठी हातपाय धुवून वजू करायचंय. आणली. "भर." भरली. ओट्याच्या कोरड्या फरशीवर ठेवायला लावली. आम्ही दोघं बादलीकडे बघत बसलो. फरशी कोरडीच.

"गळते काय?"

"नाही."

"पन्नास बादल्या जोडल्यात मी ह्या मोहल्ल्यात. एक गळली काय कवा?"

"नाही अब्बा."

"मग टाकी कशी गळली गो?"

मी खाली बसले.

म्हणजे खिळा मुद्दाम कमी तापवला होता. म्हणजे प्रमोदशी भांडण खोटं, पनवेलचा आकडा ऐकून चहा गोड लागला तो खरा. जेवढा खर्च मोठा तेवढी गाडी घरी राहणार. फुटक्या टाकीची गाडी कोण घेतंय? "मी विचार केला, चार-पाच आठवडे काढू. ते गिऱ्हाईक दुसरी बघंल. मग बनवू."

"मला सांगायचं होतंत!"

"तुला? तुझा चेहरा काचेचा हाय. फोनवर तू हसलीस तरी त्याला कळतं घरात काय शिजलंय. मागं ते फुस्स झालं तवा फोन हालवलास."

खरं आहे.

"आन पोराशी तोंडावर सारखं खोटं मना जमत नाय," अब्बा म्हणाले. "टाकीला सांगितलं बोलायला."

मग माझ्याकडून त्या टाकीचं तोंड बंद झालं. दोन हजारांच्या आत. काय मिरवत होते मी! ह्या टाकीचा खरा खर्च किती ते आता कळतंय.

६ डिसेंबर, शनिवार

लॅबला गेले. वेळेवर. मनीषाला सगळं सांगितलं. तिला जाऊबाई आठवली नाही पूर्ण वाटेत. म्हणाली, "परत फोडून टाक ना टाकी."

गंमत म्हणजे संध्याकाळी अब्बाही तेच. "खिळा हाय अजून. एक चीर. कोणाला कळतंय?"

क्षणभर, खरंच सांगते, खिळ्याकडे बघितलं. मग नाही म्हटलं. नव्या टाकीला हात लावायचा नाही. मी तिच्यासाठी रामवाडीत कडा दाबून बघत उभी होते. आणि किती वेळा फोडणार? आज टाकी, उद्या पाइप, परवा टायर. गाडी बिघडवून ठेवून मी पेणला कशावर जाणार?

अब्बा म्हणाले, "मग?"

"मग मी सांगते त्याला."

"काय सांगशील?"

ठरवलं नाही. पण काचेचा चेहरा आहे ना माझा? मग बघू दे त्याला काचेतून.

भीती आहे. तो ओरडेल ह्याची नाही. गप्प बसेल ह्याची. एवढ्या लांबून गप्प बसला की माणूस करणार काय? दुसऱ्या गल्लीत असता तर जाऊन समोर उभी राहिले असते.

गाडी धुतली. गिऱ्हाईकासाठी नाही. माझ्यासाठी.

७ डिसेंबर, रविवार

गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचे गृहस्थ, अदबीचे, दारात चपला नीट लावून आत आले. सोबत मेहुणा, गाड्यांतला जाणकार. त्याने बॉनेट उघडून टाकीवर टिचकी मारली. "टाकी ओरिजिनल बसवलीय. कुणी घेतली?" अब्बांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

इ. फोनवर. सुट्टीच मागून घेतली होती. दाढी वाढलेली. मागे त्याच्या खोलीतली ती लोखंडी कॉट.

गृहस्थ म्हणाले, एक चक्कर मारू या. इ. लगेच, "अब्बा, तुम्ही नको, डोळे आहेत. त्यांनाच चालवू द्या." मी चावी घेतली. फोन अब्बांच्या हातात दिला, त्यांना पुढे बसवलं, पाहुण्यांना मागे.

"तू कुठे बसतेस?" फोनमधून.

"चालवायला."

सेल्फ मारला. एकदाच. त्याने नेहमीसारखे डोळे मिटले नाहीत, एवढं मी बघितलं. मग समोर बघायचं होतं.

गल्ली, मशिदीचं वळण, बांध. एका बाजूला खाडी भरलेली. मी बोलत गेले, समोर बघूनच. जूनपासून रोज पेणला जाते. मनीषाच्या गाडीने नाही, मनीषा माझ्या गाडीत बसते. टाकी उन्हाने फुटली नाही, निडीजवळ फुटली, मी वेळेवर थांबवली म्हणून इंजिन वाचलं. अब्बांनी शिकवलं. सांगायला उशीर केला, ती चूक माझी. गाडी विकलीस तर लॅब सुटेल. मला सोडायची नाही.

अब्बांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, नमाजेनंतर दुआ मागतात तसा. आवाज नाही. मला वाटलं खाडीजवळ रेंज गेली. विचारलं, "अब्बा, फोन लागलाय?" "लागलाय."

मोरीच्या पुलाचा चढ आला. फोनमधून आवाज आला. "दुसरा गिअर टाक."

"टाकलाय."

चढ चढलो.

मागून ते गृहस्थ अगदी सहज म्हणाले, "वहिनी चालवतात छान. पण घरात रोज गाडी लागते, तर विकताय कशाला?"

मेहुणा खिडकीबाहेर बघायला लागला. अब्बांनीसुद्धा खाडीकडे तोंड केलं. खांदे हलत होते त्यांचे, हसत होते का रडत होते देव जाणे. मोतीबिंदूमुळे डोळ्यांना पाणी येतं, असं नंतर म्हणाले.

घरी येऊन चहा झाला. इ. पाहुण्यांशी बोलला, माझ्याशी नाही. "बुधवारी कळवतो" म्हणाला. ते म्हणाले, माझी घाई नाही, पण तोवर दुसरीकडे देऊ नका. भाव चांगला देतायत. पैसे काय, कुणालाही लागतात. तिकडे उन्हात उभं राहून कमावलेली गाडी आहे, त्याचीही बाजू आहेच.

फोन ठेवताना त्याने माझं नाव घेतलं नाही.

रात्रीची इशाची नमाज झाली. अब्बांना औषधाचे थेंब घातले. ते म्हणाले, "बुधवारपतूर तीन फेऱ्या होतील पेणच्या. तेवढ्या तरी मार." मी म्हटलं, मारणारच आहे. चावी पर्समध्ये टाकली. गजर नेहमीचाच लावला.

आत्ता मेसेज आला. इ.चा. जसाच्या तसा उतरवते.

"म्हणजे दर शुक्रवारी अब्बा गरम टाकीचं झाकण उघडत होते? ती साठलेली हवा म्हणजे वाफ होती? हात भाजला असता त्यांचा. त्यांना सांग, झाकणाला हात लावायचा नाही. कूलंट गार असताना बघतात. उद्या सकाळी निघायच्या आधी तू बघ."